हातानं लिहायच्या पत्रिका: तुळशीच्या लग्नाआधीची तयारी

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यातली कार्यालयं भरू लागतात. मार्गशीर्षातल्या लग्नाच्या पत्रिका घरी करायच्या, तर काम नेमकं श्रावण-भाद्रपदात येतं आणि हातकागदाला पावसाळी हवा सोसत नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिका आम्ही घरीच केल्या. त्या अनुभवावरून ही तयारी सांगते.

सगळ्यात आधी यादी. माणसं नाही, घरं मोजा. आमची माणसं साडेतीनशे आणि घरं निघाली १२०. पितृपंधरवड्यात आई पत्रिकेला हात लावू देईना, तेव्हा ते पंधरा दिवस पत्ते आणि पिनकोड जमवण्यात घालवले. ४११०३० आणि ४११०३८ तोंडपाठ असतात, बाहेरगावचे मात्र फोन करकरून विचारावे लागतात.

मग मजकूर. तारीख, वार, तिथी एकमेकांशी जुळतात का, मुहूर्ताची मिनिटं बरोबर आहेत का, ‘चि. सौ. कां.’ नीट लिहिलंय का, हे तिघांकडून वाचून घ्या, त्यात घरातलं एक वडीलधारं माणूस असू द्या. हातानं लिहायचं तर ओळी कमीच हव्यात. आम्ही नातेवाइकांची लांबलचक रांग काढून टाकली, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ मात्र ठेवलं, कारण त्या शब्दांशिवाय पत्रिका आजीला पत्रिका वाटलीच नसती.

कागदासाठी शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावरची हातकागद संस्था आहे, १९४० सालची. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद हातात घेतला की जाड, मऊ, जरासा खडबडीत लागतो. २२ × ३० इंची एका तावात १४.८ × २१ सेंटिमीटरचे, म्हणजे ए-फाइव्ह आकाराचे, दहा तुकडे बसतात. १२० पत्रिकांना चुकांसाठी पंधरा धरा, म्हणजे १४ ताव. उरलेल्या पट्ट्या टाकू नका, अक्षतांच्या पुड्यांना त्या लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: एकाच तुकड्यावर आधी सगळं करून बघा. मी ते केलं नाही. नेहमीच्या पेनानं थेट लिहायला बसले आणि पहिल्याच ‘श्री’ची वेलांटी कागदात पसरत निळ्या डागाएवढी झाली. तशा नऊ पत्रिका गेल्या, वाईट वाटलं. नंतर न फुटणारी पिगमेंट शाई आणली आणि चाचणीचा तुकडा रात्रभर ठेवून सकाळी अंगठा ओला करून घासून पाहिला. घडीसाठी आधी पट्टीच्या आधारानं रिकाम्या बॉलपेनची रेघ ओढा, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. पाकिटाला फेविकॉलनं सुरकुत्या येतात, गव्हाच्या पिठाची पातळ खळ चांगली. कोपऱ्यांना हळदीकुंकू लावताना बोट जेमतेम ओलं हवं, कुंकू जास्त भिजलं की ओघळतं. लावून झालं की पत्रिका एकावर एक रचू नका, खोलीभर पसरून वाळवा. वाळलेल्या पत्रिका पाटाखाली दाबून कपाटात ठेवा. दमट हवेत कागदाच्या कडा वर वळतात.

टपालानं जाणाऱ्यांसाठी वजन करा. पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा, ए-फोर कागदच साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यावर पाकीट घातलं की हद्द ओलांडते. ए-फाइव्हची एक घडी घातलेली पत्रिका पाकिटासकट सहज खाली राहते. अक्षतांची पुडी टपालात घालू नका, तिथं शिक्के मारताना ती फुटते. ती समक्ष द्यायच्या पाकिटांतच घाला.

एका पत्रिकेला आठ मिनिटं धरा, म्हणजे १२० ला सोळा तास. मी रोज संध्याकाळी दहाच लिहायचे, त्याहून जास्त लिहिलं की अक्षर बिघडायचं. पहिली कसबा गणपतीपुढे ठेवायची, ती सगळ्यात सुबक अक्षराची हवी.

आणि दहा कोऱ्या पत्रिका, त्यांची पाकिटं आणि तीच शाई लग्नाच्या दिवसापर्यंत हाताशी ठेवा. आमच्या यादीतून आईची जुनी शेजारीण सुटली होती, ते हळदीच्या आदल्या दिवशी आठवलं. आईनं स्वतः पत्रिका लिहिली आणि रिक्षा करून त्यांच्या हातात नेऊन दिली.