कंट्रोल रूममधला सॅटेलाइट रिसिव्हर समोरच्या बटणांवरून कसा चालवावा

गिरगावातल्या जुन्या इमारतीची गच्ची असो की भांडुपच्या चढावरची पत्र्याची खोली, केबलवाल्याच्या रॅकमधला, उपग्रहावरून चॅनल घेणारा व्यावसायिक रिसिव्हर साधारण एकाच घडणीचा असतो. समोर दोन ओळींचा छोटा पडदा, चार बाण, एक एंटर, काही यंत्रांवर वेगळं एडिट आणि सेव्ह, आणि बाजूला सिग्नल व अलार्मचे दिवे. हल्ली बरेच जण तो लॅपटॉपवरच्या ब्राउझरमधून चालवतात आणि समोरची बटणं विसरून जातात. पण रात्री एखादं चॅनल काळं पडतं, लॅपटॉप दुसऱ्याकडे असतो, रिसिव्हरचा आयपी पत्ता कुणालाच आठवत नाही, आणि खाली वस्तीतले फोन सुरू होतात. त्या वेळी हाताशी फक्त हे पॅनल असतं. बिघाड कुठे आहे ते पॅनल स्वतः सांगतं, मात्र ते ठरावीक क्रमानं वाचावं लागतं.

आधी वाचा, हात नंतर लावा

कुठलंही मूल्य बदलण्याआधी सगळे मेन्यू एकदा नुसते फिरून बघा. वर-खाली बाणांनी मेन्यू बदलतो, उजव्या बाणानं किंवा एंटरनं आत जाता येतं, डाव्यानं बाहेर. प्रत्येक पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. नवीन यंत्र हातात आलं की हे काम पहिल्याच दिवशी करावं, कारण बिघाडाच्या रात्री चालू स्थितीतले आकडे बघायला मिळत नाहीत.

मेन्यूंची नावं कंपनीनुसार बदलतात, पण बघण्याचा क्रम तोच: इनपुट, लॉक (सिग्नल पकडला जाणं), ऑथोरायझेशन (चॅनल उघडायची परवानगी), सर्व्हिस (चॅनलची निवड), आउटपुट. आधीची पायरी नीट नसेल तर पुढच्या पायरीवर घालवलेला वेळ वाया जातो. सिग्नल लॉक नसताना परवानगीचं कार्ड काढून पुसत बसणं हा त्याचा सर्रास दिसणारा नमुना.

इनपुट

ट्यूनिंगच्या पानावर पाच गोष्टी जुळाव्या लागतात: डाउनलिंक फ्रिक्वेन्सी (उपग्रहावरून खाली येणारी), एलएनबीची (डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नलची फ्रिक्वेन्सी खाली आणणारा डबा) लोकल ऑसिलेटर फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग), मॉड्युलेशनचा प्रकार (माहिती लहरीवर चढवण्याची पद्धत) आणि पोलरायझेशन (लहर उभी, म्हणजे व्हर्टिकल, की आडवी, म्हणजे हॉरिझॉन्टल).

आपल्याकडे केबलची बहुतेक चॅनलं सी बँडवर येतात, म्हणजे डाउनलिंक ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. सी बँडच्या नेहमीच्या एलएनबीचा लोकल ऑसिलेटर ५१५० असतो. डिशच्या केबलमधून खाली रिसिव्हरपर्यंत येते ती या दोघांमधली वजाबाकी. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरचा चॅनलं पाठवणारा भाग, ३९०० वर असेल तर ५१५० वजा ३९००, म्हणजे १२५० मेगाहर्ट्झ. काही रिसिव्हर थेट हा एल बँडचा आकडा मागतात, काही डाउनलिंक घेऊन वजाबाकी स्वतः करतात. तुमचा कोणता मागतो ते आधी ओळखा. केयू बँडच्या युनिव्हर्सल एलएनबीला ९७५० आणि १०६०० असे दोन ऑसिलेटर असतात आणि वरच्या पट्ट्यासाठी २२ किलोहर्ट्झचा टोन चालू करावा लागतो.

सिम्बॉल रेट भरताना एकक बघा. यादीत ३०००० (किलोत) लिहिलेलं असतं तिथे पॅनल कधी ३०.००० (मेगात) मागतं. बाणानं एकेक अंक बदलताना दशांशचिन्हाची जागा चुकली तर लॉक होणारच नाही, आणि दोष मात्र गच्चीवरच्या डिशला दिला जातो.

एलएनबी पॉवरकडे विशेष लक्ष द्या. एकाच लाईनवर स्प्लिटर लावून अनेक रिसिव्हर जोडलेले असतील तर एलएनबीला व्होल्टेज एकाच रिसिव्हरनं द्यायचं, तेही स्प्लिटरच्या पॉवर-पास असलेल्या, म्हणजे वीज पुढे जाऊ देणाऱ्या, पोर्टमधून. बाकी सगळ्यांवर ते बंद ठेवा. एकाच एलएनबीनं दोन्ही पोलरायझेशन घेत असाल तर १३ व्होल्टला व्हर्टिकल आणि १८ ला हॉरिझॉन्टल. दोन स्वतंत्र एलएनबी असतील तर प्रत्येकाची लाईन ठरलेली असते, तिथे चुकीच्या लाईनमध्ये पिन घातली तर मेन्यूत काहीही बदलून उपयोग नाही. आणि केबल काढण्या-लावण्याआधी मेन्यूतून एलएनबी पॉवर बंद करा. केबलची मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली की शॉर्ट होतो.

बदल केल्यावर एंटर किंवा सेव्ह दाबल्याशिवाय तो लागू होत नाही. काही यंत्रांत थोडा वेळ बटण दाबलं नाही की पडदा मूळ पानावर जातो आणि अर्धवट भरलेला आकडा टाकून देतो. सेव्ह केल्यावर परत त्याच पानात जाऊन आकडा बसला का ते बघा.

लॉक आणि मार्जिन

आता स्टेटस. इथे दोन आकडे असतात आणि दोन्ही वेगळं सांगतात. पहिला लेव्हल, डीबीएममध्ये: सिग्नलची ताकद. व्यावसायिक रिसिव्हरना साधारण उणे ६५ ते उणे २५ च्या मधे चालतं. दुसरा सी/एन किंवा तत्सम, डीबीमध्ये: सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे. लेव्हल भरपूर आणि सी/एन कमी असेल तर वाटेत ॲम्प्लिफायर वाढवून काही मिळत नाही, तो गोंगाटही वाढवतो.

डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या पद्धतीत मॉड्युलेशन ८पीएसके आणि चूकदुरुस्तीचं प्रमाण ३/४ असेल तर सैद्धांतिक गरज ७.९ डीबीच्या आसपास, ५/६ असेल तर सुमारे ९.४, आणि क्यूपीएसके ३/४ ला फक्त ४ च्या आसपास. मोजलेल्या आकड्यातून ही गरज वजा केली की उरतं ते मार्जिन. काही पॅनलवर ते तयार लिहिलेलं असतं. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि मग एकदम कोसळतं, त्यामुळे चित्र चांगलं आहे म्हणून सिग्नल चांगला आहे असं समजू नका. आठवड्यातून एकदा मार्जिन वहीत लिहा. मला विचाराल तर कंट्रोल रूममधली सर्वात मोलाची वस्तू ही वहीच.

मुंबईत मार्जिन घसरायची कारणं बहुधा ओळखीची असतात. खारी हवा केबलच्या टोकाच्या एफ कनेक्टरला गंज चढवते. पावसात केबलच्या जोडात पाणी शिरतं. सी बँडला पावसाचा त्रास फारसा होत नाही, त्यामुळे जुलैत सी बँड खाली आला तर आभाळाआधी जोड तपासा. केयू बँड मात्र जोरदार सरीत पडतोच. वाऱ्यानं डिश किंचित हलते: मुंबईतून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह आग्नेयेला जवळपास ६५ अंश उंचीवर दिसतो, आणि मोठ्या डिशला अर्धा अंशही फार होतो. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जीला गेला, तेव्हापासून शेजारच्या टॉवरचा त्रासही जमेस धरावा. लेव्हल ठीक, डिश हललेली नाही आणि तरी सी/एन अचानक पडला असेल तर डिशच्या तोंडाशी, फीडजवळ, फक्त आपला पट्टा आत सोडणारा बँडपास फिल्टर लावून बघा.

ऑथोरायझेशन

लॉक आहे, पण चित्र नाही आणि पडद्यावर नॉट ऑथोराइज्ड. कंडिशनल ॲक्सेसच्या (परवानगी तपासणाऱ्या) मेन्यूत जाऊन कार्ड नंबर किंवा युजर ॲड्रेस वाचा, ब्रॉडकास्टरच्या तांत्रिक विभागाला कळवा आणि हिट, म्हणजे परवानगीचा संदेश, मागा. ती परवानगी उपग्रहावरूनच येते, चॅनलच्या त्याच प्रवाहात मिसळून. म्हणून रिसिव्हर योग्य ट्रान्सपॉन्डरवर लॉक हवा आणि चालू हवा. हिटची वाट बघताना बंद-चालू करत राहिलात तर संदेश नेमका त्याच मिनिटाला येऊन निघून जातो.

ओबी व्हॅनच्या (बाहेरून थेट प्रसारण करणाऱ्या गाडीच्या) फीडवर पुष्कळदा बिस की, म्हणजे हातानं भरायचा संकेत, असतो. हा संकेत, म्हणजे सेशन वर्ड, बारा अक्षरांचा, ० ते ९ आणि ए ते एफ. बाणांनी भरताना एक जण मोठ्यानं वाचणारा हवा, आणि भरून झाल्यावर त्यानंच पडद्यावरून उलट वाचावं. आठ आणि बी इथे हमखास फसवतात.

फॅक्टरी रीसेटला हात लावू नका. त्यानं ट्यूनिंग, प्रीसेट आणि आउटपुट सगळं पुसलं जातं.

सर्व्हिस आणि आउटपुट

एका ट्रान्सपॉन्डरवर अनेक चॅनलं असतात, त्यातलं आपलं सर्व्हिसच्या यादीतून निवडायचं. ऑडिओत भाषेचा कोड बघा: मराठीचा एम-ए-आर, हिंदीचा एच-आय-एन. एकाच चॅनलवर चार भाषा असताना रिसिव्हर पहिली उचलतो. मुलांच्या आणि माहितीच्या चॅनलवर मराठी ट्रॅक उपलब्ध असूनही घराघरांत दुसरीच भाषा जाते ती यामुळे. एवढं एक पान तपासायला मिनिटही लागत नाही, आणि मराठी घरातल्या पोरांना मराठीत ऐकायला मिळतं. हे तपासाच.

आउटपुट आयपीवर असेल तर मल्टिकास्ट पत्ता (एकाच वेळी अनेक यंत्रांना ज्यावरून प्रवाह मिळतो तो) आणि पोर्ट बघा. खाजगी जाळ्यात हा पत्ता २३९ नं सुरू होणारा ठेवतात. दोन रिसिव्हरना एकच पत्ता आणि पोर्ट दिला गेला तर दोन्ही चॅनलं एकमेकांत मिसळून तुटक दिसतात, आणि सिग्नलचे सगळे दिवे मात्र हिरवे असतात.

काम झालं की पॅनल लॉक, म्हणजे बटणांचं कुलूप, चालू करा, म्हणजे साफसफाईच्या फडक्यानं कुणाचा ट्रान्सपॉन्डर बदलणार नाही.

एक वेळ अशी येते की काहीही बदलायचं नाही. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य उपग्रहाच्या थेट मागे येतो. ८३ अंशाच्या उपग्रहासाठी मुंबईत ही वेळ दुपारी बाराच्या आसपास पडते, ६८.५ अंशाच्या उपग्रहासाठी त्यानंतर. सूर्याच्या गोंगाटानं काही मिनिटं सी/एन खाली जातो, लॉक सुटतो आणि आपोआप परत येतो. असे काही दिवस लागोपाठ. त्या दिवसांत रोज त्याच सुमारास चॅनल पडत असेल तर वहीत वेळ लिहा, फोनवर ग्राहकांना दहा मिनिटं थांबायला सांगा आणि डिशचे नट सैल करायला कुणालाही गच्चीवर पाठवू नका.