या चुका टाळा: लाटांसाठी आखूड सप घेताना फुटांआधी लिटर बघा

साडेदहा फुटी सपवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या पॅडलबोर्डवर, गोव्यातल्या मोरजी-आश्वेच्या पाण्यात एखाद-दोन हंगाम काढले की वळायची हौस येते. लांब बोर्ड लाट पकडतो छान, पण पकडल्यावर नाकासमोर किनाऱ्याकडेच धावतो. मग वाटतं, आता आखूड बोर्ड घ्यावा. तसं वाटणं बरोबरच आहे. चूक होते ती निवडताना, आणि त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे.

मी सेकंडहँड घेतलेला बोर्ड ७ फूट ८ इंच लांब होता. विकणारा म्हणाला, "तुमचं वजन कमी आहे, आरामात चालेल." मीही लांबी सोडून काही विचारलं नाही. बोर्डाच्या पोटावर, फिनजवळ (खालच्या, दिशा धरून ठेवणाऱ्या पात्याजवळ), आकारमान ८० लिटर असं बारीक छापलेलं होतं. ते मी घरी आल्यावरही नीट वाचलं नाही. आश्वेला पहिल्यांदा त्यावर उभी राहिले तेव्हा बोर्डाचं नाक तेवढं वर राहिलं, मागचा भाग बुडाला आणि पाणी पायाच्या बोटांवरून वाहू लागलं. लाटेची वाट बघत थांबायचं तर दहा सेकंदही तोल टिकेना. तासाभरात एक लाट मिळाली नाही, मांड्या मात्र थरथरत होत्या.

हिशेब साधा होता. समुद्राच्या पाण्याचं एक लिटर साधारण १.०२५ किलो भरतं, म्हणून ८० लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तरी ८२ किलोच पेलतो. माझं वजन ६४, बोर्ड ८, ओले कपडे, लीश (पाय बोर्डाला बांधणारा पट्टा) आणि पॅडल धरून आणखी एक-दीड. शिल्लक उरली जेमतेम ८ किलोंची. जरा एका पायावर भार गेला की ती बाजू पाण्याखाली. आज मी ११० लिटरचा, ८ फूट ६ इंचाचा बोर्ड वापरते. त्यावर हीच शिल्लक ३८-३९ किलो असते. लाटांवर नुकतेच येणाऱ्यांनी आपल्या वजनाच्या दीडपटीच्या खाली उतरू नये, असं माझं ठाम मत आहे. वजनापेक्षा दहा-पंधरा लिटरच जास्त असलेले बोर्ड रोज पाण्यात असणाऱ्यांसाठी असतात.

लिटर जुळले की रुंदी बघा, लांबी सगळ्यात शेवटी. साडेनऊ फुटी पण २७ इंच रुंद बोर्डापेक्षा साडेआठ फुटी ३१ इंची बोर्ड पायाखाली जास्त शांत वाटतो. मागचा भागही नीट बघा: टोकदार टेल वेगवान, उभ्या लाटेत पकड देते, आपल्याकडच्या गुडघा-कमरेएवढ्या लाटांना जरा रुंद टेल हवी, नाहीतर बोर्ड लाटेवर रेंगाळतो. आणि हवा भरायचा बोर्ड आखूड मिळतो म्हणून लाटांसाठी घेऊ नका. त्याची कड जाड आणि गोल असते, ती लाटेच्या अंगात रुतत नाही, बोर्ड बाजूला घसरतो.

आता बोर्ड योग्य घेऊनही ज्या तक्रारी येतात त्या.

बोर्ड प्रत्येक वल्ह्यासरशी दुसऱ्या बाजूला वळतो? आखूड बोर्डाचा तो स्वभावच आहे. वरचा हात बोर्डाच्या कडेबाहेर न्या म्हणजे पॅडलचा दांडा उभा राहील, पातं कडेला चिकटून ओढा आणि पावलांपाशी येताच बाहेर काढा. पाते पावलांच्या मागे गेलं की नाक फिरलंच. तरीही जमत नसेल तर मधलं फिन थोडं मोठं लावून बघा.

लाट खालून निसटून जाते? लांब बोर्ड पाण्यावर जास्त लांब सरकत जातो, त्यामुळे लाट फुटायच्या बरीच आधी, लांबूनच पकडता यायची. आता तसं होणार नाही. फुटायच्या जागेच्या जवळ जा, आणि लांब सावकाश वल्ह्यांऐवजी पाच-सहा आखूड, जलद वल्ही मारा. मात्र जवळ गेलं की लाट उभी मिळते आणि नाक पाण्यात घुसतं. यावर उपाय पायांत आहे. लाटेने उचललं रे उचललं की मागचा पाय टेलकडे टाका. समांतर पायांनी उभं राहायची सपाट पाण्यातली सवय इथे घात करते. लाट यायच्या आधीपासूनच एक पाय वीतभर मागे ठेवा. थांबलेलं असताना डोलायला होत असेल तर पॅडलचं पातं पाण्यात टेकवून हलकं दाबत राहा, तिसऱ्या पायासारखा आधार मिळतो.

पॅडल जुनंच वापरत असाल तर ते लांब पडेल. सपाट पाण्यात उंचीपेक्षा आठ-दहा इंच जास्त ठीक. लाटांत गुडघे वाकलेले असतात, तिथे चार ते सहा इंच पुरे.

लीशबाबत हयगय नको. लाटांत सरळ लीश घ्या, लांबी निदान बोर्डाएवढी. स्प्रिंगसारखी गुंडाळीची लीश पडल्यावर बोर्ड परत तुमच्याच अंगावर खेचते. बोर्ड आणि लीश मिळून पाच मीटरच्या टप्प्यात कोणालाही लागू शकतं. शनिवार-रविवारी शॅकसमोर पोहणाऱ्यांची गर्दी असते, तिथे लाट पकडूच नका, मोकळ्या वाळूसमोर जा.

विकत घेण्याआधी बोर्ड एकदा तरी उसना किंवा भाड्याने वापरा, आणि दोनदा: सकाळी आरशासारख्या पाण्यात आणि दुपारी वायव्येचा वारा सुटल्यावर. सकाळी कुठलाही बोर्ड चांगलाच वाटतो. दुपारच्या खळबळत्या पाण्यात, पॅडल न चालवता, तीस आकडे मोजेपर्यंत त्यावर उभं राहता आलं तर घ्या. पंधरावर पडलात तर दहा-पंधरा लिटर वाढवून दुसरा बघा.