रेस वाढते पण गाडी ओढत नाही? क्लच स्लिप होतोय का ते आधी घरीच बघा

यवतेश्वर घाटात डबल सीट चढताना इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी काही पळंना, हे घेऊन गॅरेजला गेलं की समोरचा बघायच्या आधीच सांगतो, क्लचच्या प्लेटा गेल्या. गेल्याही असतील. पण क्लच खोलायच्या आधी दोन गोष्टी बघायला खर्च शून्य आहे, क्लच वायरचा प्ले (म्हणजे लिव्हरची मोकळी हालचाल) आणि इंजिन ऑइल, आणि बऱ्याचदा घोळ तिथंच सापडतो.

आधी खात्री करा की स्लिपच आहे, म्हणजे क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट न धरता घसरतायत. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, थंड गाडीवर बऱ्याचदा कळतच नाही. मोकळ्या रस्त्याला टॉप गियरमध्ये ४०-५० च्या स्पीडला या आणि एकदम थ्रॉटल पिळा. चांगल्या क्लचची गाडी हळूहळू का होईना रेसबरोबर स्पीड घेते, स्लिप होणारीची रेस झटकन वर जाते आणि स्पीडचा काटा तिथंच, चढाला तर लगेच जाणवतं. जळका वास, ॲव्हरेज कमी होणं ही पण लक्षणं आहेत पण ॲव्हरेज तर टायरमधली हवा कमी असली तरी पडतं, त्याच्यावर एकट्यावर जाऊ नका. आणि झटका मारून खडखड आवाज येत असेल तर चेन बघा, सैल चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवरून (चेनच्या दातेरी चक्रावरून) उडी मारते, क्लच स्लिपला तसला आवाज नसतो.

आता प्ले. लिव्हरचं टोक साधारण १०-१५ मिमी अगदी हलकं हललं पाहिजे, मग वायर ताणली जायला पाहिजे (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा). प्ले शून्य असेल तर तुम्ही लिव्हर सोडला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो, प्लेटा पूर्ण चिकटत नाहीत आणि घासून घासून जळतात. प्लेटा झिजत जातात तसा प्ले आपोआप कमी होत जातो त्यामुळे हे अधूनमधून बघावंच लागतं. लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने सैल करा, तिथं पुरलं नाही तर खाली इंजिनजवळचा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वळवल्यावर प्ले गायब होत असेल तर वायर चुकीच्या बाजूने नेलीय. महाबळेश्वर, कासकडं रोज पावसात जाणाऱ्यांची वायर आतून गंजते, लिव्हर सोडला तरी तो सुस्तपणे मागं येतो, तसं असलं तर सरळ नवीन वायर टाका, वायरमध्ये ऑइल सोडलं तर काही दिवस भागतं एवढंच.

दुसरं ऑइल. आपल्याकडच्या बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो म्हणून कारचं ऑइल टाकू नका, त्यातल्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करायचं केमिकल असतं आणि क्लच तर घर्षणावरच चालतो! डब्यावर जासो (JASO, ऑइलचं जपानी स्टँडर्ड) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा, एमबी हे स्कूटरसाठी. चुकीचं पडलं असेल तर बदलून थोडं चालवा, प्लेटा जळल्या नसतील तर पकड परत येते.

दोन्ही ठीक असून पण स्लिप आहे तर मग खोला. स्वतः समोर उभं राहा. स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्यात का, फ्रिक्शन प्लेटची (पकड देणाऱ्या प्लेटची) जाडी व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने, मोजून लिमिटच्या खाली आहे का, स्प्रिंगची लांबी कमी झालीय का, हे तिन्ही बघायला लावा. नुसत्या प्लेटा बदलून जुन्या दमलेल्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या तर परत तेच. नवीन प्लेटा बसवायच्या आधी इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवायच्या असतात, कोरड्या बसवू देऊ नका. ऑइल पण नवीनच, कारण जळलेल्या प्लेटांचा चुरा जुन्यात मिसळलेला असतो.

आणि सीझनला उसाच्या ट्रॉलीमागं हाफ क्लचवर लोंबकळत जाऊ नका राव, क्लच पूर्ण सोडून पहिल्या गियरवर चालवा, तेवढं पण जमत नसेल तर थांबा आणि न्यूट्रल करा.