बिस्किटाच्या पुड्यावरून मुलांना विचार करायला कसं शिकवाल?

‘का?’ विचारायला मुलांना शिकवावं लागत नाही. चार-पाच वर्षांचं पोर दिवसभर तेच करत असतं. ‘गप बस’ म्हणून ते बंद आपणच पाडतो. शिकवायचं असतं ते पुढचं: मिळालेलं उत्तर खरं कशावरून, हे तपासणं. त्याला क्लास लागत नाही. किराणा दुकानातला बिस्किटाचा पुडा पुरतो. वाचता येऊन भागाकार जमू लागला, म्हणजे साधारण तिसरी-चौथीत, की सुरू करा.

१. आधी अंदाज, मग पुडा उलटा

पुडा मुलालाच निवडू द्या. तुम्ही नाक मुरडू नका. समोरची बाजू मोठ्यानं वाचायला सांगा: ओट्सचं चित्र, ‘पौष्टिक’ वगैरे. मग विचारा, “यात सगळ्यात जास्त काय असेल?” अंदाज कागदावर लिहून घ्या. “मला माहीतच होतं” म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे.

आता मागची बाजू. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. ‘ओट्स’च्या बिस्किटात पहिलं नाव पुष्कळदा मैद्याचं निघतं. समोर ज्या घटकाचा गाजावाजा आहे, त्याची टक्केवारीही द्यावी लागते. ती शोधायला लावा. अक्षरं बारीक आणि बहुधा इंग्रजीत असतात, तेव्हा हातात भिंग द्या. साखरेची टोपणनावं सांगून ठेवा: इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप. तीन नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. हे मुलांना चोर पकडल्यासारखं वाटतं.

समोर कंपनी तिला हवं ते बोलते, मागं तिला सांगावंच लागतं. हे एकदा कळलं की मुलं टीव्हीवरच्या जाहिरातीचीही ‘मागची बाजू’ विचारू लागतात.

२. साखर ताटलीत काढा

पुड्यामागच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे साखर किती ते दिलेलं असतं. सपाट छोटा चमचा म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम. आकडा २४ असेल तर सहा चमचे मुलालाच काढू द्या. वर भाषण नको. ताटली पुरेशी बोलते.

३. मोठा पुडा खरंच स्वस्त?

समजा, ३० ग्रॅम ५ रुपयांना आणि १०० ग्रॅम २० रुपयांना. एका ग्रॅमला किती? लहान पुडा साधारण १७ पैसे, मोठा २० पैसे. मोठा तो स्वस्त, हे आपणही न तपासताच धरून चालतो.

४. आता तुमची पाळी

ही पायरी बहुतेक पालक गाळतात आणि मग सगळाच खेळ बिघडतो. मुलाला तुमच्या खरेदीवर प्रश्न विचारू द्या: तुमचा महागडा शाम्पू, चहासोबतची खारी, फॅमिली ग्रुपवर तुम्ही पुढं ढकललेला घरगुती उपाय. आमच्याकडे लेकानं माझ्या ‘डाएट’ चिवड्याचं पाकीट उलटं केलं आणि दुसऱ्याच नंबरावर तेल निघालं. मी आधी सारवासारव केली. मग म्हटलं, “बरोबर आहे तुझं, मी फक्त समोरचं वाचलं होतं.” मोठ्या माणसाला चूक कबूल करताना पाहिल्याशिवाय मूल स्वतःची चूक कबूल करायला शिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्यानं आजीच्या ताटावर किंवा मित्राच्या डब्यावर पोलीसगिरी सुरू केली, तर तिथंच थांबवा. प्रश्न वस्तूला, माणसाला नाही.

५. दुकानदाराशी बोलणं

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्याहून जास्त मागता येत नाही. तरी थंड बाटलीवर ‘कूलिंग’चे दोन रुपये लावले जातात. घरी सराव करा, तुम्ही दुकानदार व्हा, जरा खेकसाही. “काका, यावर २० लिहिलंय ना, मग २२ कसे?” आवाज चढवायचा नाही, नजर खाली घालायची नाही. ऐकलं नाही तर बाटली परत ठेवून यायचं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण तो मोठ्यांनी लावायचा.

खरोखर दुकानात जायची वेळ आली की तुम्ही पायरीखाली थांबा. मूल वळून तुमच्याकडं बघेल. तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घाला.