पाण्यात गाडी घालण्यापूर्वी

कोकणात रस्त्यावर पाणी आले की ते किती खोल आहे, एवढे पाहून भागत नाही; ते वाहते आहे का आणि चढते आहे की ओसरते आहे, हे आधी पाहावे लागते.

वाहत्या पाण्याची खोली मोजत बसूच नये. मोरीवरून किंवा साकवावरून (लहान पुलावरून) पाणी आडवे जात असेल तर ते उथळ दिसले तरी थांबावे, कारण सुमारे ३० सेंटीमीटर पाण्यात लहान मोटारी तरंगू लागतात, ६० सेंटीमीटर वाहते पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. रात्री तर पुढे रस्ता उरला आहे की नाही, हेही कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला, तेव्हा एसटीच्या दोन गाड्यांसह आणखी वाहने नदीत गेली.

साचलेल्या पाण्याचे माप मात्र घेता येते. लहान मोटारीचा तळ रस्त्यापासून साधारण १७ सेंटीमीटरवर आणि चाकाचा मध्य ३० सेंटीमीटरच्या आसपास असतो. पाणी तळाला लागेल असे वाटले तरी माघारी फिरावे. आपल्याकडचे तांबडे पाणी खालचा रस्ता दाखवत नाही, म्हणून रस्त्याकडेच्या गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चिऱ्यांचे थर कोरड्या भागात मोजावेत आणि बुडालेल्या भागात किती उरले ते पाहावे. पुढे गेलेल्या ट्रकवर विसंबू नये. त्याचे चाकच मोठे असते. ‘काय नाय होत, घाला’ म्हणणाऱ्याची गाडी बहुधा घरीच असते.

खाडीलगत घड्याळही पाहावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती चढत असताना नदीचे पाणी तुंबते, त्यामुळे आत्ता पोटरीएवढे असलेले पाणी तासाभरात आणखी वाढू शकते. ओहोटी लागेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

उथळ, स्थिर पाण्यातून जायचेच असेल तर समोरची गाडी बाहेर पडू द्यावी, पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या संथ वेगाने जावे आणि मध्ये थांबू नये. इंजिन बंद पडलेच तर पुन्हा चालू करू नये. आत पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड (इंजिनात पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. पलीकडे पोहोचल्यावर ब्रेक नीट लागेपर्यंत ते हलके दाबत सावकाश जावे.