कुत्र्या-मांजराच्या दवाखान्याचं बिल आटोक्यात कसं ठेवावं

कुत्रा घरी आणताना खाण्याचा हिशेब सगळे करतात. पट्टा, भांडी, गादी, महिन्याची खाद्याची पिशवी. दवाखान्याचा हिशेब कोणी करत नाही, कारण पिल्लू तेव्हा ठणठणीत असतं. मग चौथ्या महिन्यात पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) होतो, किंवा तिसऱ्या वर्षी गोचिडतापाने प्लेटलेट घसरतात. लस शेकड्यांत येते, पण खासगी दवाखान्यात आठवडाभर सलाईनवर ठेवायचं म्हटलं की बिल हजारांत जातं आणि मोठ्या शहरात पाच आकडी व्हायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. आजार टाळण्याच्या नावाखाली दुकानात जे जे विकायला ठेवलंय ते सगळं घेत सुटलात, तर पैसे वाचायचे सोडा, दुप्पट जातील. खर्च करण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. त्यातल्या बहुतेक स्वस्त आहेत, फक्त तारखेला कराव्या लागतात.

आधी फाइल आणि वजन

लसीचं कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टर बदलले किंवा रात्री दुसरीकडे धावावं लागलं, तर त्याच चाचण्या पुन्हा करायची वेळ येत नाही.

मग वजन. कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. मोठा कुत्रा असेल तर दवाखान्यातला काटा फुकट वापरू देतात. महिन्यातून एकदा आकडा कॅलेंडरवर लिहा. जंताच्या गोळीपासून भुलीपर्यंत सगळं वजनावर ठरतं. अंदाजाने दिलेली कमी ताकदीची गोळी म्हणजे पैसेही गेले आणि जंतही राहिले.

लसी: शेवटचा डोस सोडू नका

पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून काही काळ पुरणारी प्रतिकारशक्ती मिळते. ती असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, आणि ती नेमकी कधी संपेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, आणि शेवटचा डोस पिल्लू १६ आठवड्यांचं झाल्यावर, असा क्रम असतो. लोक दुसऱ्या डोसनंतर थांबतात, कारण पिल्लू उड्या मारत असतं. पण खरं संरक्षण बऱ्याचदा त्या शेवटच्या डोसाने मिळतं. तो वाचवण्यात काही अर्थ नाही.

वर्षाने बूस्टर द्यायचा. त्यानंतर मात्र एक प्रश्न विचारायला लाजू नका: "डॉक्टर, दरवर्षी सगळंच द्यायला हवं का?" पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) आणि पार्व्होची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांतून एकदा पुरते. लेप्टोची मात्र दरवर्षी लागते. मुंबईत, कोकणात, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि उंदीर असतात, तिथे ती टाळूच नका. लेप्टो उंदरांच्या मुतातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. मेच्या अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आत देऊन टाकली की बरं.

पिल्लू विकत घेताना विकणारा सांगतो, "दोन डोस झालेत." कार्ड मागा. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का असला पाहिजे. नुसतं पेनाने लिहिलेलं असेल तर डोस झालेच नाहीत असं धरून चाला. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मेडिकलमधून खिशात घालून आणलेली आणि घरीच टोचलेली लस म्हणजे पाण्याचं इंजेक्शन.

रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि मग दरवर्षी. हा रोग एकदा लक्षणं दिसली की बरा होत नाही, त्यामुळे इथे हिशेब करायचाच नाही. शिवाय ती फुकटही मिळू शकते. ६ जुलैला जागतिक प्राणिजन्य रोग दिन आणि २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. या दोन्ही दिवसांच्या आसपास सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आणि संस्था मोफत लसीकरण ठेवतात. चौकशी आधीच्या आठवड्यात करा.

घरात पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू फरशीच्या फटीत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनाइलने तो मरेल या भरवशावर राहू नका. ३० भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच घालून फरशी, भांडी धुवायची आणि दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. मातीला हा उपाय चालत नाही. तिथे नवीन पिल्लू सगळे डोस झाल्यावरच सोडायचं.

गोचीड

आपल्याकडे कुत्रा पाळणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे याच्यावर जातात, म्हणून इथे जरा थांबू.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आपल्या हवेत बाराही महिने तग धरते. गरमी आणि दमट हवेत जास्त वाढते. ती कायम कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. रक्त पिते, खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा पलंगाखाली कात टाकते आणि पुन्हा चढते. असं तीन वेळा. फुगलेली मादी राखाडी, एरंडाच्या बीएवढी होते आणि भिंतीवर चढून फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून "आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे कुठल्या गोचिडी" हे खरं नाही. लिफ्टमध्ये शेजारच्या कुत्र्यावरून एक आली तरी पुरे.

तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन आजार होतात. दोन्हींना आपण सरसकट टिक फीवर म्हणतो. सुरुवातीला कुत्रा नुसता मलूल असतो, जेवण हुंगून सोडतो, अंगाला हात लावला तर गरम लागतो. याच टप्प्यावर रक्ताची साधी तपासणी झाली तर एर्लिकिया महिनाभराच्या डॉक्सिसायक्लिनवर निभावतो, आणि ती गोळी महाग नाही. "उन्हामुळे खात नसेल" म्हणून आठवडा काढला की हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, बॅबेसिया असेल तर लघवी कोऱ्या चहासारखी होते. मग रक्त चढवावं लागतं, त्यासाठी रक्त देणारा कुत्रा शोधावा लागतो, आणि खर्चाला बूड राहत नाही. आणखी एक: औषधाने दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि कुत्रा जेवायला लागतो. तिथे गोळ्या बंद करणारे खूप. साधारण २८ दिवसांचा कोर्स असेल तर २८ दिवस, नाहीतर तेच दुखणं पुन्हा.

रोजचं काम असं. फिरवून आणलं की बुटासकट दारातच बसायचं आणि हात फिरवायचा: कानाच्या आतली घडी, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली, आणि पंजे उघडून बोटांच्या मध्ये. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढा, पिरगाळू नका. नखाने चिरडू नका. स्पिरिट घातलेल्या बाटलीत टाका. काडी लावणं, रॉकेल ओतणं हे उद्योग नकोत.

औषधांत आता महिन्यातून एकदा किंवा बारा आठवड्यांतून एकदा द्यायच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. त्या महाग वाटतात, पण पावडर, साबण, शांपू, पट्टा असं थोडंथोडं सगळं घेण्यात वर्षाला जेवढे जातात त्याची बेरीज करून पाहा. गोळी वजनगटाप्रमाणे घ्या. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोघांत तोडून देऊ नका, औषध दोन्ही तुकड्यांत सारखं असेलच असं नाही. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण या गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात. गोळी परवडत नसेल तर मानेवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब हा स्वस्त पर्याय आहे. ते टाकायच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको.

आणि घर. गादी, चादर गरम पाण्यात धुवा, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा. गावाकडे गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्यावर ओततात. कुत्रा अंग चाटतो आणि विषबाधा होते, म्हणजे बिल तिथेही आलंच.

जंत

पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि मग तीन महिन्यांतून एकदा. गोळी स्वस्त आहे. घरात लहान मुलं असतील तर आणखी काटेकोर राहा, कारण कुत्र्याचे काही जंत मुलांनाही होतात.

मादीची नसबंदी

"एकदा पिल्लं होऊ देऊ, मग बघू" हे वाक्य महागात पडतं. नसबंदी न केलेल्या कुत्रीला वाढत्या वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका मोठा असतो. स्वीडनमध्ये बहुतेक कुत्र्यांची नसबंदी करत नाहीत. तिथल्या विम्याच्या नोंदींवरून दिसलं की दहा वर्षांची होईपर्यंत दर चार-पाच कुत्र्यांमागे एकीला हा आजार होतो. हीटनंतर, म्हणजे माजावर येऊन गेल्यावर, महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागते, खात नाही, उलट्या करते, कधी मागून घाण वास येतो. तेव्हा करावं लागणारं ऑपरेशन निरोगी वयातल्या नसबंदीपेक्षा कितीतरी महाग आणि धोक्याचं असतं. नसबंदी लवकर झाली तर स्तनाच्या गाठींचा धोकाही बराच कमी होतो. नेमकं वय जातीप्रमाणे ठरतं, मोठ्या जातींना थोडं थांबायला सांगतात. पैशाची अडचण असेल तर प्राणिसंस्थांमध्ये सवलतीचा दर विचारा.

ताटातलं

लॅब्रॅडॉरवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००२ साली छापून आला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या घेऊन त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. कमी खाणारे साधारण दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीचे उपचारही उशिरा लागले. आपल्याकडचा लॅब्रॅडॉर बघा. चहाबरोबर बिस्किट, आजोबांच्या ताटातली पोळी, संध्याकाळी पुन्हा काहीतरी, आणि डॉक्टरांनी विचारलं की "अहो, तो फार काही खात नाही हो." फासळ्यांवर हलका हात फिरवा. त्या सहज लागल्या पाहिजेत. दाबूनही लागत नसतील तर खाणं कमी करा. लठ्ठ कुत्र्याची औषधंही महाग पडतात, कारण तो वरच्या वजनगटात जातो.

रविवारच्या मटणाची शिजलेली हाडं देऊ नका. ती फुटतात, घशात किंवा आतड्यात अडकतात, आणि पोट उघडावं लागतं. कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, चॉकलेट हेही नाही.

दात रोज घासले तर उत्तम, त्यांच्यासाठी मिळणाऱ्या पेस्टने. आपली पेस्ट ते गिळतात, ती चालत नाही. दात साफ करण्यासाठी दवाखान्यात पूर्ण भूल द्यावी लागते, खर्च तिथे होतो.

हे घेऊ नका

संतुलित तयार खाद्य खाणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप लागत नाही. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्त कॅल्शियमने हाडांचे विकार होतात. केसांच्या चमकेची टॉनिकं, दर आठवड्याचे शांपू, वासाचे स्प्रे, डॉक्टरांनी कारण न सांगता लिहिलेली लिव्हर टॉनिकं: हे पैसे गोचिडाच्या गोळीकडे वळवा.

मांजर असेल तर

कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर मरू शकतं. तापाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. नुसत्या कोरड्या खाद्यावर असलेल्या बोक्याला पाणी भरपूर मिळेल असं बघा, शक्य तर ओलं खाणं द्या. बोका वारंवार बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये, तर बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि तसं असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

स्वस्तात कुठे

तालुक्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय फक्त गुराढोरांसाठी असतं असा समज आहे. तिथे कुत्र्या-मांजरांनाही बघतात, शुल्क नाममात्र असतं. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही तपासणी होते. रांग लागते, सकाळी लवकर जावं लागतं.

आणि एवढं करूनही अपघात होतातच. त्यासाठी पोस्टात वेगळी आरडी काढा, महिना १०० रुपयांपासून निघते. लस, गोळ्या घरखर्चातून भरा, आरडीला हात लावू नका. मोठं ऑपरेशन सांगितलं तर खर्चाचा अंदाज कागदावर मागा आणि त्यात भूल, रक्ततपासणी, भरती आणि नंतरची ड्रेसिंग धरली आहे का ते विचारा.