एल्व्हिस प्रेस्लीच्या चार्टवरील गाण्यांची क्रमवारी कशी लावावी

एल्व्हिस प्रेस्लीच्या सर्वांत यशस्वी गाण्यांची यादी करायला बसले की थोड्याच वेळात एक कोडे समोर येते. एका यादीत 'हाउंड डॉग' सर्वांत वर असते, दुसरीत ते पहिल्या क्रमांकापर्यंत पोहोचलेलेच नसते, आणि दोन्ही याद्यांचा आधार 'बिलबोर्ड' हे एकच अमेरिकी साप्ताहिक असते. यात कोणाचीही आकडेमोड चुकलेली नसते. दोघांनी आकडे वेगवेगळ्या चार्टमधून, म्हणजे गाण्यांच्या लोकप्रियतेच्या साप्ताहिक क्रमवाऱ्यांमधून, घेतलेले असतात, एवढेच. म्हणून गाण्यांकडे वळण्याआधी कोणता चार्ट प्रमाण मानायचा हे ठरवावे, ते लिहून ठेवावे, आणि एखादे लाडके गाणे खाली घसरताना दिसले तरी तो निर्णय मध्येच बदलू नये.

हा निर्णय घेण्यासाठी त्या काळातील चार्टची रचना समजून घ्यावी लागते. जानेवारी १९५६ मध्ये 'हार्टब्रेक हॉटेल'ची तबकडी बाजारात आली, तेव्हा बिलबोर्डमध्ये लोकप्रियता मोजणारा एकच चार्ट नव्हता. दुकानांत कोणत्या तबकड्या सर्वाधिक खपल्या याचा एक चार्ट होता, रेडिओवरील निवेदकांनी कोणती गाणी अधिक वाजवली याचा दुसरा, आणि ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकून लोकांनी काय ऐकले याचा तिसरा. या तिन्ही अंगांचा एकत्र विचार करणारा 'टॉप १००' हा चार्ट नोव्हेंबर १९५५ मध्ये नुकताच सुरू झाला होता. पुढे जून १९५७ मध्ये ज्यूकबॉक्सचा चार्ट बंद पडला, आणि ४ ऑगस्ट १९५८ रोजी आज सर्वांना परिचित असलेला 'हॉट १००' अवतरला. एल्व्हिसच्या कारकिर्दीतील सर्वांत धगधगती वर्षे, म्हणजे १९५६ आणि १९५७, या चार्टच्या जन्मापूर्वीच संपून गेली होती.

याचा परिणाम फार मोठा आहे. फक्त 'हॉट १००' प्रमाण मानला, तर एल्व्हिसची पहिल्या क्रमांकावर गेलेली गाणी केवळ सात उरतात, आणि त्यांची सुरुवात १९५९ च्या 'ए बिग हंक ओ' लव्ह'पासून होते. 'हार्टब्रेक हॉटेल', 'ऑल शुक अप', 'जेलहाउस रॉक' ही सगळी यादीबाहेर राहतात. अशी यादी चुकीची नसते, मात्र तिच्या शीर्षकात 'हॉट १००' हा शब्द असायलाच हवा. 'एल्व्हिसची सर्वांत मोठी गाणी' असे नाव तिला देणे वाचकाची दिशाभूल करणारे ठरेल.

माझी शिफारस अशी आहे की ऑगस्ट १९५८ पर्यंत दुकानांतील विक्रीचा चार्ट घ्यावा आणि त्यानंतर 'हॉट १००' घ्यावा. रॉक अँड रोल हे तेव्हा वादग्रस्त संगीत होते आणि ते वाजवायचे की नाही हे रेडिओ केंद्रांच्या मर्जीवर अवलंबून असे. दुकानातला ग्राहक मात्र स्वतःच्या खिशातले पैसे मोजून तबकडी घरी नेत होता. लोकांना खरोखर काय हवे होते, याचा त्याहून सरळ पुरावा मला दिसत नाही. शिवाय या मोजणीने पहिल्या क्रमांकाच्या सतरा तबकड्या आणि त्या स्थानावरील एकूण ७९ आठवडे असा हिशेब जुळतो, त्यामुळे तुमची बेरीज बरोबर आहे की नाही हे तपासण्याची सोयही आपोआप होते.

सतरा की अठरा, हा प्रश्न येथेच सोडवून घ्यावा. जुलै १९५६ मध्ये निघालेल्या तबकडीच्या एका बाजूला 'हाउंड डॉग' होते आणि दुसऱ्या बाजूला 'डोन्ट बी क्रूएल'. दुकानात ग्राहक दोन्ही गाणी एकाच वेळी विकत घेत असे, त्यामुळे विक्रीच्या चार्टवर ही तबकडी म्हणून एक नोंद होते आणि ती अकरा आठवडे पहिली राहिली. हा विक्रम १९९२ पर्यंत टिकला. 'टॉप १००'मध्ये मात्र दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजल्या जात. तेथे 'डोन्ट बी क्रूएल' सात आठवडे पहिले राहिले आणि 'हाउंड डॉग' दुसऱ्या क्रमांकावर थांबले. सुरुवातीला सांगितलेल्या कोड्याचे उत्तर हेच आहे. दोन्ही गाणी वेगवेगळी मोजणारे अभ्यासक अठरा म्हणतात, तबकडी मोजणारे सतरा म्हणतात. विक्री प्रमाण मानली असेल तर तबकडी हेच एकक मानावे आणि पहिल्या ओळीत दोन्ही गाण्यांची नावे जोडून लिहावीत.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. प्रत्येक तबकडीपुढे तिने पहिल्या क्रमांकावर काढलेले आठवडे लिहावेत आणि त्या आकड्यांनुसार उतरता क्रम लावावा. 'हाउंड डॉग' आणि 'डोन्ट बी क्रूएल' अकरा आठवड्यांसह निर्विवाद पहिली येते. त्यानंतर लगेच बरोबरी दिसते, कारण 'हार्टब्रेक हॉटेल' आणि 'ऑल शुक अप' या दोघांचेही आठच आठवडे आहेत. बरोबरी कशी सोडवायची याचा नियमही आधीच ठरलेला असावा, नाहीतर नकळत आपल्या आवडीच्या गाण्याला झुकते माप दिले जाते. वर्षअखेरच्या यादीचा आधार घ्यावा असे पटकन सुचते, पण तो येथे उपयोगाचा नाही, कारण बिलबोर्डच्या मते १९५६ चे सर्वांत मोठे गाणे 'हार्टब्रेक हॉटेल' होते आणि १९५७ चे 'ऑल शुक अप'. म्हणून दुसरी कसोटी 'टॉप १००'ची लावावी. त्या चार्टवर 'ऑल शुक अप' आठ आठवडे पहिले होते आणि 'हार्टब्रेक हॉटेल' सात आठवडे. ज्यूकबॉक्सच्या चार्टवरही 'ऑल शुक अप' नऊ विरुद्ध आठ असे पुढे आहे, त्यामुळे दुसरा क्रमांक त्याला देताना मनात शंका राहत नाही. इतिहासात 'हार्टब्रेक हॉटेल'चे वजन अधिक आहे, कारण दहा लाख प्रती खपलेली एल्व्हिसची ती पहिली तबकडी आणि देशभर त्याचे नाव झाले ते याच गाण्याने. पण आपण येथे ऐतिहासिक महत्त्व मोजत नसून चार्टवरील यश मोजत आहोत.

त्याखाली 'टेडी बेअर' आणि 'जेलहाउस रॉक' या दोघांचे सात-सात आठवडे आहेत. तीच कसोटी लावली की 'टॉप १००'वर सात आठवडे काढलेले 'टेडी बेअर' चौथे ठरते आणि सहा आठवडे काढलेले 'जेलहाउस रॉक' पाचवे. सहावा क्रमांक 'आर यू लोनसम टुनाइट?'ला जातो. नोव्हेंबर १९६० मध्ये ते वर चढले आणि सहा आठवडे तेथेच राहिले. लष्करात दोन वर्षे काढून परतलेल्या, मंद आणि हळव्या गाण्याकडे वळलेल्या गायकाला श्रोत्यांनी कसे स्वीकारले, हे या एका आकड्यातून दिसते.

पाच आठवड्यांच्या गटात 'लव्ह मी टेंडर', 'डोन्ट' आणि 'इट्स नाऊ ऑर नेव्हर' ही तीन गाणी येतात आणि येथे आपली दुसरी कसोटी अपुरी पडते. पहिली दोन गाणी १९५६ आणि १९५८ ची, अनेक चार्टच्या काळातली आहेत. तिसरे १९६० चे, म्हणजे 'हॉट १००' हा एकच मुख्य चार्ट उरल्यानंतरचे आहे. ज्या गाण्याला ती परीक्षा द्यावीच लागली नाही, त्याची तुलना इतरांशी करणे न्याय्य नाही. अशा वेळी ओढूनताणून निकाल लावण्यापेक्षा तिघांना सातवा क्रमांक विभागून द्यावा आणि पुढच्या गाण्याला दहावा द्यावा. 'लव्ह मी टेंडर'बद्दल एक टीप मात्र जरूर लिहावी: बाजारात येण्याआधीच त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रतींची मागणी नोंदवली गेली होती, आणि पहिल्या क्रमांकावरून त्याने बाजूला सारली ती एल्व्हिसचीच आधीची तबकडी होती.

उरलेली मांडणी सोपी आहे. चार आठवड्यांचे 'स्टक ऑन यू' दहावे आणि तीन आठवड्यांचे 'टू मच' अकरावे. त्यानंतर 'हार्ड हेडेड वुमन', 'ए बिग हंक ओ' लव्ह', 'सरेंडर' आणि 'गुड लक चार्म' ही दोन-दोन आठवड्यांची चार गाणी बाराव्या स्थानी एकत्र येतात. शेवटी १९५६ चे 'आय वॉन्ट यू, आय नीड यू, आय लव्ह यू' आणि १९६९ चे 'सस्पिशस माइंड्स', दोघांचाही एकच आठवडा.

यादी याहून मोठी करायची असेल, तर दुसऱ्या क्रमांकावर थांबलेली गाणी घ्यावी लागतात आणि तेथे पहिल्या स्थानाचे आठवडे मोजण्याची पद्धत संपते. 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह', 'रिटर्न टू सेंडर' आणि 'बर्निंग लव्ह' ही तिन्ही दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. त्यांच्यासाठी गुणपद्धती वापरावी: दर आठवड्याला पहिल्या क्रमांकासाठी शंभर गुण, दुसऱ्यासाठी नव्व्याण्णव, असे शंभराव्या क्रमांकासाठी एका गुणापर्यंत खाली यावे आणि सगळ्या आठवड्यांची बेरीज करावी. या पद्धतीत एक दोष आहे. सत्तराव्या स्थानावर रेंगाळणारे गाणे थोडे-थोडे गुण गोळा करत, आठवडाभर शिखरावर राहून झटपट उतरलेल्या गाण्याला मागे टाकू शकते. म्हणून पहिल्या दहा स्थानांना जास्तीचे गुण द्यावेत, पण किती द्यायचे तेही गणित सुरू करण्याआधी ठरवावे. पहिल्या सतरा तबकड्यांची क्रमवारी एका पद्धतीने आणि पुढची दुसऱ्या पद्धतीने लावली असेल, तर दोन्हींच्या मध्ये एक रेघ ओढून तसे स्पष्ट लिहावे.

ब्रिटनमधील आकडे या यादीत मिसळू नयेत. त्यांची स्वतंत्र यादी करावी आणि ती खरोखर वाचनीय होते, कारण तेथील चित्र वेगळे आहे. 'हार्टब्रेक हॉटेल' तेथे दुसऱ्या क्रमांकावर अडले, तर 'जेलहाउस रॉक' जानेवारी १९५८ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले, आणि असे करणारी ती तेथील पहिली तबकडी होती. 'द वंडर ऑफ यू' अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेले, ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिले होते. 'वुडन हार्ट' तर ब्रिटनमध्ये १९६१ साली सहा आठवडे पहिले राहिले, पण अमेरिकेत तेव्हा ते एल्व्हिसच्या आवाजात सिंगल, म्हणजे स्वतंत्र तबकडी, म्हणून निघालेच नाही आणि तेथे जो डॉवेल याने गायलेली आवृत्ती पहिली आली. जे विक्रीला आलेच नाही ते चार्टवर दिसणार नाही, हे प्रत्येक देशाची यादी वाचताना ध्यानात ठेवावे.

ब्रिटनच्या यादीत आणखी एक काळजी घ्यावी. तेथे एल्व्हिसची पहिल्या क्रमांकाची एकवीस गाणी मोजली जातात. त्यांत त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी शिखरावर गेलेले १९७७ चे 'वे डाउन', २००२ साली नव्या साजात आलेले 'ए लिटल लेस कॉन्व्हर्सेशन' आणि २००५ साली पुन्हा काढलेल्या तीन जुन्या तबकड्या आहेत. पुनर्प्रकाशित तबकड्यांचे आठवडे मूळ गाण्याच्या खात्यात जमा करू नयेत. वेगळ्या रकान्यात लिहावेत. अमेरिकेतही आता ऑनलाइन ऐकणे मोजले जात असल्यामुळे 'ब्लू ख्रिसमस' नाताळाच्या सुमारास चार्टवर परतते, आणि त्यालाही हाच नियम लागू करावा.

विक्रीची अधिकृत पदके क्रमवारीसाठी वापरू नयेत. अमेरिकेतील सुवर्ण तबकडीची अधिकृत प्रमाणपत्रे १९५८ साली सुरू झाली, त्यामुळे एल्व्हिसचे पहिले प्रमाणित सुवर्ण सिंगल 'हार्ड हेडेड वुमन' ठरले. ते त्याचे सर्वांत खपाऊ गाणे होते म्हणून नव्हे, तर त्या वेळी बाजारात नवे होते म्हणून. तसेच चार्टवरील क्रमांक आणि आजची ओळख यांची गल्लत करू नये. 'विवा लास वेगास' आज कोणालाही ओळखता येते, पण १९६४ मध्ये ते एकोणतिसाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही.

माझ्या मते 'सस्पिशस माइंड्स' हे एल्व्हिसने गायलेले सर्वोत्तम गाणे आहे. १ नोव्हेंबर १९६९ च्या 'हॉट १००'वर ते पहिले आले, एक आठवडा टिकले आणि त्यानंतर एल्व्हिसचे एकही गाणे त्या स्थानी पोहोचले नाही. तरीही माझ्या यादीत ते सोळाव्या क्रमांकावर विभागून आहे आणि तेथेच राहील. यादी पूर्ण झाल्यावर वरती असे शीर्षक द्यावे: 'एल्व्हिस प्रेस्ली, अमेरिकेतील पहिल्या क्रमांकाच्या तबकड्या, १९५६ ते १९६९, ऑगस्ट १९५८ पर्यंत बिलबोर्डचा दुकान-विक्री चार्ट, त्यानंतर हॉट १००, क्रम पहिल्या स्थानावरील आठवड्यांनुसार, बरोबरी झाल्यास टॉप १०० नुसार, दोन वेगळ्या काळांतील गाण्यांत बरोबरी असल्यास स्थान विभागून.'